लहान विमानवाहू नौकांचें भवितव्य

मुंबईंत कोट भागांत नौदलाच्या गोदीचा लायन गेट आहे. त्याच्यानजीक २०१६ सालच्या जानेवारींत एक लहानसें स्मारक उभारलें गेलें. तें ज्या धातूचें घडविलें आहे, तो आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेचा, 'विक्रांत'चा आहे. जवळजवळ २०,००० टनांच्या त्या नौकेचा बाकीचा देह रे रोडजवळच्या दारूखान्याच्या किनाऱ्यावर तोडण्यांत आला, आणि त्यांतील कांहीं लोखंड वितळून पुढें एका मोटारसायकलीच्या पेट्रोलच्या टाकींत गेलें. म्हणजे आज अंधेरी-बोरिवलीच्या रस्त्यांवरून कोणी तरुण ज्या गाडीवर बसून कचेरीस जात असेल, तिच्यांत १९४३ सालीं इंग्लंडांत टाइन नदीच्या कांठीं बांधावयास घेतलेल्या एका युद्धनौकेचा अंश असण्याचा संभव आहे.

श्रोतेहो, लहान विमानवाहू नौकांना जगांतील आरमारांत यापुढें स्थान उरेल काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा प्रश्न आरमारी अधिकाऱ्यांचा. आपणां घरगृहस्थी माणसांचा त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध पैशाचा आहे आणि किनाऱ्याचाहि आहे. कोचीच्या गोदींत बांधलेली नवी 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ रोजीं आरमारांत दाखल झाली. तिला सुमारें २०,००० कोटि रुपये लागले. आणखी एक नौका बांधावी काय, आणि बांधल्यास केवढी, यावर गेलीं कित्येक वर्षें वाद चालू आहे. ज्या वादाचा खर्च आपल्या करांतून भागावयाचा आहे, तो निदान समजून तरी घ्यावा.

लहान म्हणजे केवढी? अमेरिकेची 'जेराल्ड फोर्ड' १,००,००० टनांची आहे. २०२५ सालीं दाखल झालेली चीनची 'फुजियान' ८०,००० टनांच्या वर. ब्रिटनची 'क्वीन एलिझाबेथ' ६५,००० टनांची. आपल्या 'विक्रमादित्य' व नवी 'विक्रांत' या दोन्ही ४५,००० टनांच्या आसपास, म्हणजे मधल्या. ३०,००० टनांच्या आंतील त्या सर्व लहान, असें आपण आजच्यापुरतें धरूं. जुनी 'विक्रांत' व तिच्यामागून आलेली 'विराट' या दोघी या वर्गांतल्या.

टनांचे आंकडे ऐकून डोळ्यांपुढें कांहीं उभें राहत नाहीं, हें शाळेंत गणित शिकवितांना मीं पुष्कळदां पाहिलें आहे. २००१ पासून २०१२ पर्यंत जुनी 'विक्रांत' मुंबईच्या बंदरांत संग्रहालय म्हणून उभी होती. तिची लांबी सुमारें २१३ मीटर. ती पाहून आल्यावर मुलुंडच्या माझ्या वर्गांतील एका मुलानें फळ्यावर हिशेब मांडला आणि विचारलें, "सर, म्हणजे ही आपल्या बारा डब्यांच्या लोकलपेक्षां आंखूडच कीं?" त्याचा हिशेब बरोबर होता. एक डबा सुमारें २१ मीटर. बारा डब्यांचे २५० मीटर भरतात. सांताक्रुझच्या विमानतळाची मोठी धांवपट्टी ३ किलोमीटरांहून अधिक लांब आहे. आणि येथें लोकलहून आंखूड, तीहि लाटांवर डोलणाऱ्या पट्टीवरून, लढाऊ विमान उडवावयाचें आणि परत त्याच पट्टीवर उतरवावयाचें.

हीं लहान जहाजें जन्मास आलीं तीं निकडीपोटीं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनला विमानवाहू नौका हव्या होत्या आणि लौकर हव्या होत्या. मोठ्या नौका बांधूं शकणाऱ्या गोद्या अगोदरच गुंतल्या होत्या. तेव्हां व्यापारी जहाजें बांधणाऱ्या साध्या गोद्यांनाहि जमेल अशा रचनेचीं, चिलखत नसलेलीं, सोळा जहाजें बांधावयास घेण्यांत आलीं. युद्ध संपेपर्यंत, फार तर तीन वर्षें, तीं टिकलीं म्हणजे झालें, असा हिशेब होता. 'हर्क्युलीस' हें त्यांतलेंच एक. १९४५ च्या सप्टेंबरांत तें पाण्यांत सोडलें तेव्हां युद्ध संपून गेलें होतें. काम थांबलें व तो सांगाडा तसाच पडून राहिला. १९५७ सालीं भारतानें तो विकत घेतला, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ कंपनीनें तो पुरा केला, आणि ४ मार्च १९६१ रोजीं श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्तें 'विक्रांत' आपल्या आरमारांत दाखल झाली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ती मुंबईस आली आणि पंडित नेहरूंनीं तिचें स्वागत केलें.

तीन वर्षांसाठीं कल्पिलेलीं हीं जहाजें ब्रिटनखेरीज आणखी सात देशांनीं वापरलीं : फ्रान्स, हॉलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आर्जेंटिना, ब्राझील आणि भारत. ब्राझीलची 'मिनास जेराइस' २००१ पर्यंत नोकरींत होती. आपली 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ छत्तीस वर्षें. कमी पैशांत, कमी माणसांत, ज्यांस मोठी नौका बांधण्याचें स्वप्नहि पडलें नसतें अशा देशांस या जहाजांनीं समुद्रावर विमानें नेतां आलीं. लहान नौकेच्या बाजूनें बोलण्याजोगी ही पहिली गोष्ट.

आतां नौकेवरून विमान उडतें कसें तें पाहूं, कारण त्याखेरीज पुढचें कांहीं उमगावयाचें नाहीं. विमानास उचलतो तो त्याच्या पंखांवरून वाहणारा वारा. म्हणून विमान सोडतांना नौका वाऱ्याच्या तोंडास वळते आणि पूर्ण वेगानें धांवूं लागते. समजा, नौकेचा वेग २५ नॉट आहे आणि समोरचा वारा १० नॉटांचा आहे. विमान जागच्या जागीं उभें असतांनाच त्याच्या पंखांवर ३५ नॉटांचा वारा आहे. तेवढा वेग फुकट मिळाला. (नॉट म्हणजे ताशीं एक सागरी मैल, सुमारें १.८५ किलोमीटर.) उरलेला वेग देते ती वाफेवर चालणारी एक प्रचंड गलोल, जिला कॅटपल्ट म्हणतात. डेकखालच्या लांब नळींत वाफेच्या दाबानें दट्ट्या पुढें ढकलला जातो आणि त्यास जोडलेलें विमान डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तोंच हवेंत फेंकलें जातें. उतरतांना विमानाच्या शेपटीखालचा आंकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकीं एकींत अडकतो आणि विमान थांबतें. तार चुकली तर सरळ पुढें निघून पुन्हां उडतां यावें म्हणून उतरण्याची पट्टी नौकेच्या लांबीशीं तिरपी ठेवितात. ही तिरपी पट्टी, वाफेची गलोल, आणि वैमानिकास उतरण्याचा कोन दाखविणारा आरसा हे तिन्ही शोध महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत ब्रिटिश आरमारांत लागले. 'हर्क्युलीस'चा सांगाडा तोंवर अपुरा पडून होता हें एका अर्थीं बरेंच झालें; 'विक्रांत' पुरी झाली ती हे तिन्ही शोध अंगावर घेऊनच.

नौकेचा वेग आणि गलोलीचा जोर हीं दोन्हीं एकाच चुलीवर शिजतात हेंहि येथेंच लक्षांत घेतलें पाहिजे. ज्या बॉयलरांतील वाफ पंखे फिरवी, त्याच बॉयलरांतील वाफ गलोल ओढी. १९७१ सालीं युद्धाचे ढग जमूं लागले तेव्हां 'विक्रांत'च्या चार बॉयलरांपैकीं एक निकामी झाला होता. पूर्वींचे २५ नॉट आतां राहिले नव्हते. अशी अधूं नौका लढाईंत न्यावी काय, याचा खल झाला, आणि अखेरीस तिला बंगालच्या उपसागरांत धाडण्यांत आलें. कॅप्टन स्वराज प्रकाश हे तिचे प्रमुख होते. तिच्या शोधांत निघालेली पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी युद्धाच्या आरंभींच विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ डिसेंबर १९७१ रोजीं 'विक्रांत'च्या सी हॉक विमानांनीं कॉक्स बझारवर हल्ला केला, नंतर चितगांव व इतर बंदरांवरहि हल्ले केले, आणि पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग बंद करण्यांत मोठा वांटा उचलला.

हा पराक्रम खराच आहे. परंतु मास्तरी खोडीप्रमाणें त्याच्या कडेस एक टीप लिहिल्याशिवाय मला राहवत नाहीं. पूर्वेकडे पाकिस्तानचें हवाई बळ मुळांतच थोडें होतें आणि तें आपल्या हवाई दलानें कांहीं दिवसांत जमिनीस खिळविलें. कराचीच्या तोंडाशीं ही अधूं नौका नेली नाहीं, हें शहाणपणाचें होतें. शत्रूचें आकाश रिकामें असेल तेथें लहान विमानवाहू नौका आपल्या आकाराच्या मानानें फार मोठें काम करते. तें भरलेलें असेल तेथें तिचें कसें होईल, याचें उत्तर १९७१ नें दिलें नाहीं. तें अकरा वर्षांनीं मिळालें, आणि तेंहि आपल्या होणाऱ्या दुसऱ्या नौकेकडूनच.

त्याकडे वळण्यापूर्वीं मधल्या काळांत काय घडलें तें सांगितलें पाहिजे, कारण लहान नौकांवर मरणाची वेळ आली ती याच काळांत. जहाज होतें तेवढेंच राहिलें आणि विमान वाढलें. सी हॉक सर्व साहित्यानिशीं सुमारें ७ टनांचें. आज आपल्या नौकांवर असलेलें मिग-२९ के हें २४ टनांच्या घरांत जातें. येथें थोडें गणित करूं. धांवत्या वस्तूंतील ऊर्जा वजनाच्या पटींत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या पटींत वाढते. वजन तिप्पट झालें व उतरण्याचा वेग दीडपट झाला असें धरा. दिडाचा वर्ग सव्वादोन. सव्वादोन तिरिक पावणेसात. म्हणजे तारांनीं, डेकनें आणि डेकखालच्या यंत्रानें पूर्वींच्या पावणेसातपट ऊर्जा दोन-तीन सेकंदांत पचविली पाहिजे. व्यापारी जहाजाच्या धर्तीवर बांधलेल्या सांगाड्यास तें कसें झेपावें? एकामागून एक देशांनीं हात टेकले. हॉलंडनें आपली नौका १९६८ सालीं आर्जेंटिनास विकली, कॅनडानें १९७० सालीं मोडींत काढली, ऑस्ट्रेलियाची 'मेलबर्न' १९८२ सालीं निवृत्त झाली.

या मरणांतून लहान नौकांस वांचविलें तें दोन गोष्टींनीं. एक हॅरियर विमान, ज्याच्या इंजिनाच्या झोताचीं तोंडें खालीं वळवितां येतात, आणि म्हणून जें उभें खालीं उतरूं शकतें. त्यास तारा नकोत, आंकडा नको. दुसरी गोष्ट दिसावयास अगदीं साधी : डेकच्या टोंकास दिलेला चढ. ब्रिटिश आरमारांतील डग्लस टेलर नांवाच्या अधिकाऱ्यानें ती सुचविली. चढामुळें विमान पुरेसा वेग येण्यापूर्वींच वरच्या दिशेनें फेंकलें जातें. वर टाकलेला चेंडू खालीं येण्यापूर्वीं जशीं कांहीं क्षण वरच असतो, तसेंच हें. त्या क्षणांत इंजिन विमानास उरलेला वेग मिळवून देतें. ना वाफ, ना गलोल. एवढ्याशा युक्तीनें वीस-बावीस हजार टनांची नौका पुन्हां उपयोगी ठरली.

१९८२ सालच्या फॉकलंड युद्धांत ब्रिटननें दक्षिण अटलांटिकांत पाठविलेल्या दोन विमानवाहू नौका अशाच होत्या : 'हर्मिस' व 'इन्व्हिन्सिबल'. त्यांतली 'इन्व्हिन्सिबल' तर ऑस्ट्रेलियास विकण्याचें त्याच वर्षीं जाहीर झालें होतें. युद्धानंतर तो व्यवहार रद्द झाला. स्वदेशापासून हजारों मैलांवर त्यांच्यावरील सी हॅरियरांनीं आर्जेंटिनाच्या विमानांशीं झुंज दिली व बेटें परत घेतां आलीं. पण ब्रिटननें त्या युद्धांत दोन विनाशिका व दोन फ्रिगेट नौका गमावल्या. एक कारण असें कीं, उंच आकाशांत घिरट्या घालून दूरवरचें विमान रडारनें हेरणारें जें मोठें टेहळणी विमान असतें, तें लहान डेकवरून उडूं शकत नाहीं. गलोलीशिवाय त्यास गति नाहीं. नौकेवरचें रडार क्षितिजापलीकडे पाहूं शकत नाहीं, आणि लाटांना चिकटून येणारें विमान क्षितिजावर दिसतें तेव्हां फार उशीर झालेला असतो. लहान नौकेचें खरें वैगुण्य हें आहे. तिची मूठ लहान असते याहून तिची नजर आंखूड असते, हें अधिक घातक.

हीच 'हर्मिस' आपण १९८६ सालीं विकत घेतली, आणि १२ मे १९८७ रोजीं ती 'विराट' झाली. तिचें घरहि मुंबईच. जुन्या 'विक्रांत'वरहि गलोल काढून चढ बसविण्यांत आला. १९८३ पासून आलेलीं सी हॅरियर विमानें दोघींवर राहूं लागलीं. पुढें काय झालें? विमान म्हातारें झालें. सुटे भाग मिळेनात, अपघातांत कांहीं गेलीं, नवीं कोणी बांधीत नव्हतें. २०१६ च्या मेंत सी हॅरियर निवृत्त झालें आणि ६ मार्च २०१७ रोजीं 'विराट'. तिला सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर निवतीच्या खडकांजवळ नेऊन तेथें संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटि रुपयांच्या योजनेस महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें २०१८ सालीं मान्यता दिली होती. तें झालें नाहीं. २०२० च्या सप्टेंबरांत तिला ओढून गुजरातेंत अलंगच्या भंगारकिनाऱ्यावर नेलें. ज्या शहरानें दोन विमानवाहू नौकांचे संसार पाहिले, त्यास दोहोंपैकीं एकहि जतन करतां आली नाहीं, याची खंत मला आहे. पण तो विषय वेगळा.

विमानाशिवाय नौकेचें काय होतें याचें उदाहरण थायलंडांत पाहावें. १९९७ सालीं दाखल झालेली त्यांची 'चक्री नरुबेत' ही जगांतील सर्वांत लहान विमानवाहू नौकांपैकीं एक, ११,५०० टनांच्या आसपास. स्पेनकडून घेतलेलीं जुनीं हॅरियर विमानें २००६ सालीं संपलीं आणि तेव्हांपासून ती हेलिकॉप्टरांवर दिवस काढीत आहे. नौका धडधाकट आहे. तिच्यावर बसावयास पांखरूं नाहीं.

यावरून लहान नौकेचें आयुष्य तिच्या पोलादावर अवलंबून नसून तिच्यावर मावेल असें विमान जगांत कोणी बांधतें कीं नाहीं, यावर अवलंबून आहे, असें मला वाटतें. हॅरियरनंतर असें विमान एकच आलें : अमेरिकेचें एफ-३५ बी. २७ टनांचें असूनहि तें आंखूड धांवेनें उडतें व उभें उतरतें. त्याच्या भरंवशावर जपाननें २०१८ सालीं 'इझुमो' व 'कागा' या हेलिकॉप्टरवाहू नौका सुधारून घेण्याचें ठरविलें. इटलीची 'काव्हूर'हि त्यावरच अवलंबून आहे. पण एकाच देशाच्या एकाच कारखान्याच्या विमानावर नौकेचें जीवन टांगून ठेवणें किती धोक्याचें, तें तुर्कस्तानास कळलें. त्यांनीं २७,००० टनांची 'अनादोलु' त्याच विमानासाठीं बांधावयास घेतली होती, आणि २०१९ सालीं अमेरिकेनें त्यांना त्या योजनेंतून वगळलें.

भारतानें निराळी वाट धरली. रशियाकडून घेतलेली 'विक्रमादित्य' २०१३ सालीं दाखल झाली आणि नवी 'विक्रांत' २०२२ सालीं. दोघींवर चढ आहे आणि ताराहि आहेत : विमान चढावरून उडावयाचें आणि तारेंत अडकून उतरावयाचें. ११ जानेवारी २०२० रोजीं आपल्या देशांत बांधलेलें नौदलाचें तेजस विमान 'विक्रमादित्य'वर प्रथम उतरलें, तेव्हां तें चालवीत होते कमोडोर जयदीप मावळंकर. तें एक प्रयोगाचें यश होतें. नेहमींच्या कामासाठीं २०२५ च्या एप्रिलांत फ्रान्सशीं २६ राफाल विमानांचा करार झाला. त्याची किंमत ६३,००० कोटि रुपयांच्या आसपास सांगितली गेली. तींत शस्त्रें, शिक्षण, दुरुस्ती हें सर्व आलें. नवी 'विक्रांत' २०,००० कोटींची आणि तिच्यासारख्यांवर बसावयाचीं विमानें ६३,००० कोटींचीं! पिंजऱ्याहून पोपट महाग म्हणतात तो असा. म्हणून नौका लहान केल्यानें पैसा वांचतो हें खरें असलें, तरी वांचतो तो खर्चाच्या लहान भागांतून.

लहान नौकेविरुद्ध आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला फार वजनदार वाटतो. विमानवाहू नौका एकटी कधींच जात नाहीं. पाणबुड्यांपासून, क्षेपणास्त्रांपासून तिला राखण्यास विनाशिका, फ्रिगेट, इंधनाचें जहाज असा लवाजमा लागतो. नौका निम्मी केली म्हणून लवाजमा निम्मा होत नाहीं. वऱ्हाड तेवढेंच, नवरदेव तेवढा किरकोळ. त्याचमुळें कित्येक जाणते म्हणतात कीं, बांधावयाची तर ६५,००० टनांची, गलोल असलेली, टेहळणी विमान उडवूं शकणारी बांधा. दुसरे म्हणतात, आहे तीच ४५,००० टनांची पुन्हां बांधा, गोदीचे हात बसलेले आहेत. जनरल बिपिन रावत संरक्षणदलांचे प्रमुख असतांना २०२० सालीं त्यांनीं तर पाणबुड्यांस अग्रक्रम देण्याच्या बाजूनें तिसऱ्या नौकेच्या गरजेविषयींच जाहीर शंका घेतली होती.

माझा कल मधल्या पक्षाकडे आहे, आणि त्याचें कारण १९६५ सालांत आहे. त्या वर्षीं पाकिस्तानशीं युद्ध झालें तेव्हां आपली एकुलती एक 'विक्रांत' मुंबईंत दुरुस्तीस पडली होती. घरांतली एकच छत्री दुरुस्तीस द्यावी आणि नेमका त्याच दिवशीं मृगाचा पाऊस कोसळावा, तसें तें झालें. विमानवाहू नौकेस वरचेवर महिनोन्महिने गोदींत राहावें लागतें. त्यानंतर माणसें व विमानें पुन्हां तालमींत आणावयास आणखी वेळ जातो. म्हणून तीन असाव्यात, म्हणजे दोन समुद्रावर राहतील, असा आरमारांचा जुना हिशेब आहे. पूर्व व पश्चिम असे दोन किनारे असलेल्या देशास तर तो अधिकच लागू. एक अतिशय उत्तम नौका गोदींत उभी असणें आणि दोन बऱ्या नौकांपैकीं एक समुद्रावर असणें यांत निवड करावयाची झाली, तर मी दुसरी गोष्ट पत्करीन. अर्थात् हें मत ४५,००० टनांच्या नौकेपुरतें आहे. विसांच्या किंवा पंचविसांच्या आंतल्या नौकेकडे परत जा, असें मी म्हणत नाहीं. तिच्यावर बसवावयास आज आपल्यापाशीं विमान नाहीं.

आज नाहीं, उद्यां मात्र असूं शकेल, आणि येथें गोष्टीस पुन्हां एक वळण मिळतें. ज्या तुर्कांच्या हातून एफ-३५ निसटलें, त्यांनीं आपल्या 'अनादोलु'वर वैमानिकरहित विमान बसविलें. २०२४ च्या नोव्हेंबरांत त्यांचें टीबी-३ हें ड्रोन त्या नौकेच्या चढावरून उडालें आणि पुन्हां तिच्यावर उतरलें, गलोल नाहीं, तारा नाहींत. त्याचें वजन दीड टनाच्या आसपास. सी हॉक ७ टनांचें, हॅरियर १२ टनांचें, राफाल व मिग २४ टनांचीं. साठ वर्षें चढत आलेला हा आंकडा प्रथमच एकदम खालीं उतरला. चीननेंहि २०२४ च्या डिसेंबरांत 'सिच्वान' ही ४०,००० टनांच्या वरची एक निराळीच नौका पाण्यांत सोडली. सैनिक उतरविण्याच्या या जहाजावर विजेच्या बळावर चालणारी गलोल बसविली आहे.

या ड्रोनांविषयीं वर्तमानपत्रांत जो उत्साह दिसतो तो थोडा आवरता घेतला पाहिजे. टीबी-३ हें संथ विमान आहे. लढाऊ विमानाशीं त्याची गांठ पडली तर त्याचा निभाव लागावयाचा नाहीं, आणि त्यास चालविणारे संदेश शत्रूनें अडविले तर तें आंधळें होतें. परंतु लहान नौकेस तिची मूठ मोठी करण्याची तितकी गरज नव्हती. तिची नजर लांब करण्याची होती. तासन्‌तास आकाशांत राहून क्षितिजापलीकडचें सांगणारें हलकें विमान तिला मिळालें, तर १९८२ सालीं जें वैगुण्य जिव्हारीं लागलें तें पुष्कळसें भरून निघेल. सोमाली चांच्यांचा बंदोबस्त, वादळानंतरची मदत, परदेशांत अडकलेल्या लोकांस परत आणणें, पाणबुड्यांचा माग, अशा कामांस लाख टनांची नौका लागत नाहीं. बलाढ्य शत्रूच्या दारांत जाऊन लढण्यास मात्र ती पुरी पडणार नाहीं, आणि पूर्वींहि पडत नव्हती.

विमान कसें वाढत गेलें हें ज्यांस प्रत्यक्ष पाहावयाचें असेल, त्यांनीं दिवाळीच्या सुट्टींत गोव्यास गेल्यावर समुद्रकिनाऱ्यावरून थोडी सवड काढून दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदलाच्या विमान-संग्रहालयास भेट द्यावी. जुन्या 'विक्रांत'चें सी हॉक, तिचें पंख्याचें अलिझे आणि दोन्ही नौकांवर वावरलेलें सी हॅरियर हीं तेथें ठेविलेलीं आहेत. मुलें बरोबर असतील तर त्यांना प्रत्येकाचे पंख कोठें मिटतात तें शोधावयास सांगावें. लोकलहून आंखूड डेकवर जागा कशी काढीत, तें त्यावरून चटकन् ध्यानांत येईल. सी हॉकचे मिटतात, अलिझेचेहि मिटतात. सी हॅरियरचे मिटत नाहींत. त्याचें नाक तेवढें बाजूस वळवितां येतें.